झीज झाली, पण कशाने?

पुणेकर भिगवणला जातो तो उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी बघायला आणि जाता जाता माशांचे जेवण करायला. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर रूमॅटिक डिसिजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी याच गावात वेगळ्या कामासाठी पोचले. जागतिक आरोग्य संघटनेचा पाठिंबा असलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाखाली त्यांनी घरोघर जाऊन विचारले, हाडे, सांधे, स्नायू यांपैकी काही दुखते का? चार हजारांहून अधिक प्रौढांची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना दुखणे होते. सांध्याची झीज म्हणता येईल असा विकार मात्र सुमारे ६ टक्के लोकांत सापडला आणि आमवात साधारण अर्ध्या टक्क्यात. बाकीच्यांपैकी बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे, स्नायुबंधांचे किंवा कुठल्याच ठरलेल्या चौकटीत न बसणारे होते.

हिशेब केला तर दुखणाऱ्या तिघांपैकी एकालाच झीज होती. शहरात मात्र गुडघा धरून उठणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला शेजारी, नातेवाईक आणि कधीकधी घाईत असलेले डॉक्टरही एकच सांगून मोकळे होतात: झीज आहे, वयोमानाने व्हायचीच. या वाक्याने माणसाचे दुहेरी नुकसान होते. झीज नसेल तर खरे दुखणे तसेच राहून जाते. झीज असेल तर ती कशाने झाली हे कोणी विचारत नाही आणि कारण मागे चालूच राहते. हाड आणि कूर्चा या दोघांनाही ग्रासणारे विकार पुष्कळ कारणांनी होतात. त्यांतली काही कारणे दूर करता येतात, तर काही लवकर ओळखली की सांधा वाचवता येतो. म्हणून हा लेख उपचारांपेक्षा कारणांबद्दल आहे. वाचताना स्वतःचा किंवा घरातल्या एखाद्याचा दुखरा सांधा डोळ्यांसमोर ठेवा.

सांध्याच्या आत

सांध्यात हाडांची टोके कूर्चेच्या गुळगुळीत, पांढऱ्या थराने मढवलेली असतात. गुडघ्यातसुद्धा हा थर काही मिलिमीटरच जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्याचे पोषण होते ते सांध्यातल्या द्रवातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की स्पंजासारखी फुगून द्रव ओढून घेते. त्यामुळे चालणे कूर्चेला हवेच असते. प्लास्टरमध्ये किंवा अंथरुणात महिनोन्‌महिने न हललेल्या सांध्याची कूर्चा पातळ होते. ‘गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद केले’ असे सांगणाऱ्या आजीआजोबांना हे समजावून सांगायला हवे.

रक्तपुरवठा नसल्याने कूर्चेची जखम सहसा नीट भरून येत नाही. मज्जातंतू नसल्याने ती झिजायला लागली तरी सुरुवातीला कळत नाही. दुखते ते तिच्या खालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे स्नायू आणि बंध. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. फोटोत मोठी झीज दिसणारा माणूस रोज टेकडी चढत असतो, आणि फोटो जवळजवळ स्वच्छ असलेली बाई जिना उतरताना कळवळते. केवळ फिल्म पाहून ‘वाटी बदला’ असे कोणी म्हणाले, तर दुखणे नेमके कुठून येते आहे हे आधी विचारा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कूर्चा तिच्या खालच्या हाडाच्या आधाराने उभी असते. हाडाचा रक्तपुरवठा तुटला, हाड खचले किंवा वाकडे जुळले, तर वरची कूर्चा निरोगी असूनही उद्ध्वस्त होते. पुढच्या अनेक कारणांचे मूळ इथे आहे.

वजन, ठेवण आणि काम

गुडघ्याच्या झिजेची जी कारणे आपल्या हातात आहेत त्यांत वजन पहिले. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासातून १९९२ मध्ये असे पुढे आले, की ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत पाचेक किलोंनी उतरले होते त्यांना गुडघ्याच्या झिजेचा त्रास होण्याचा धोका निम्म्यावर आला होता. पाच किलो, पंचवीस नव्हे. नंतरच्या मोजमापांत आढळले की शरीराचे एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दिवसाला चार-पाच हजार पावले धरली तरी हा फरक केवढा होतो ते पाहा. लठ्ठपणाचे काम फक्त भाराने होत नाही. वजन जास्त असलेल्यांत हाताच्या बोटांचे सांधेही अधिक झिजलेले दिसतात, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. चरबीच्या पेशींतून सुटणारी दाहकारक द्रव्ये सांध्यापर्यंत पोचतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

वजन उतरवायचे म्हणून चातुर्मासात उपास वाढवणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी आणि वर राजगिऱ्याचे लाडू, अशा उपासाने गुडघ्याचे भले होत नाही. रोजच्या ताटातली एक पोळी आणि वरून घेतलेला भात कमी करून वरण, उसळ, ताक वाढवणे जास्त उपयोगी पडते, कारण मांडीच्या स्नायूंना प्रथिने लागतातच. मांडीचा पुढचा स्नायू अशक्त झाला की पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो. खुर्चीत बसून पाय गुडघ्यात सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा, मग सावकाश खाली आणायचा, हा व्यायाम त्यासाठीच सांगितला जातो.

दुसरे कारण पायांची ठेवण. आपल्याकडे बहुतेकांचा गुडघा आतल्या बाजूने आधी झिजतो, कारण पाय थोडे जरी फेंगडे असले तरी भार आतल्या बाजूवर एकवटतो. झीज झाली की पाय आणखी वाकतो, वाकला की भार आणखी वाढतो. आरशासमोर घोटे जुळवून उभे राहा आणि दोन गुडघ्यांमध्ये किती जागा राहते ते पाहा. दहा वर्षांपूर्वीच्या उभ्या फोटोशी ताडून पाहिले तर ठेवण बदलते आहे का, हे घरबसल्या कळते. लहानपणी मुडदूस झालेल्यांत किंवा मोडलेले हाड वाकडे जुळलेल्यांत हा धोका अधिक. झीज एकाच बाजूला असेल आणि रुग्ण तरुण असेल, तर सांधा न बदलता नडगीचे हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया करता येते. ती वेळेत झाली तर कित्येक वर्षे मिळतात. एक्स-रे काढताना तो उभे राहून काढायला सांगा. झोपवून काढलेल्या फोटोत भार पडल्यावर कमी होणारी फट दिसत नाही.

आता बसण्याचा प्रश्न. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांची फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांशी तुलना झाली, तेव्हा चिनी स्त्रियांत गुडघ्याची झीज अधिक आणि खुब्याची झीज फारच कमी आढळली. तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याचा त्रास जास्त होता. आपल्याकडे खुबा आणि गुडघा यांचे चित्र साधारण तसेच आहे. यावरून काही जण निरोगी माणसालाही मांडी घालू नका, खाली बसू नका असे बजावतात. मला ते पटत नाही. पंगतीत मांडी घालून जेवणे, पूजेला बसणे याने चांगला गुडघा बिघडतो असे म्हणायला आधार नाही, आणि खाली बसून उठण्याची ताकद टिकवणे म्हातारपणी मोलाचे ठरते. घातक आहे ते तासन्‌तास उकिडवे बसून काम करणे आणि त्यावर ओझे उचलणे. झीज सुरू झाल्यावर मात्र कमोड, खुर्ची, उंच पाट, उभ्याचा ओटा या सोयी करून घ्याव्यात.

म्हणूनच झिजेचा विचार करताना पेठांतल्या आणि कोथरूडमधल्या निवृत्तांपुरते थांबून चालणार नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणारे हमाल, दिवसभर वाकून आणि उकिडव्या बसून सुका कचरा निवडणाऱ्या कचरावेचक, फरशा घासणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या घरकामगार, बांधकामावर घमेली घेऊन शिडी चढणाऱ्या बाया, यांच्या गुडघ्यांवर येणारा भार कुठल्याही मॅरेथॉनपेक्षा अधिक आहे. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून लढा दिला, तो मला सांध्यांच्या आरोग्याचाही लढा वाटतो. तुमच्या घरी कोणी फरशी पुसायला येत असेल तर लांब दांड्याचा पोछा आणि भांडी घासायला उभ्याची मोरी द्या. सोसायटीत कचरा निवडण्यासाठी कमरेइतक्या उंचीचे टेबल ठेवायला फार पैसे लागत नाहीत.

जुनी दुखापत

पुणे दुचाकींचे शहर आहे. गाडी घसरली, पाय टेकवताना गुडघा पिळला गेला, आठ दिवस सूज होती, मग बरे वाटले. अशी हकिगत पंचेचाळिशीतल्या झिजेमागे बऱ्याचदा निघते. गुडघ्यातला पुढचा बंध तुटला किंवा दोन हाडांमधली अर्धचंद्राकार गादी फाटली, तर पुढच्या दहा ते वीस वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांत झीज दिसू लागते. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन खेळणाऱ्यांतही हेच. दुखापतीच्या वेळी आतून ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांत गुडघा टम्म फुगला, नंतर जिना उतरताना पाय दगा देतो, अशी लक्षणे असतील तर मालिश आणि पट्टीवर भागवू नका. फाटलेली गादी पूर्वी सरसकट काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक या इंग्लिश शल्यचिकित्सकाने अशा गुडघ्यांत नंतर होणारे बदल दाखवून दिले, आणि आता शक्य तिथे ती शिवण्याकडे किंवा कमीत कमी कापण्याकडे कल आहे.

धावण्याने गुडघे जातात ही भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते आहे, आणि दर वर्षी हाच प्रश्न निघतो. हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज बैठ्या लोकांपेक्षा कमी आढळली आहे. जुनी दुखापत असताना, वजन जास्त असताना किंवा तयारी नसताना एकदम अंतर वाढवणे वाईट. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती इथे रोज जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याच्या वाटीवर अधिक ताण येतो. दुखत असेल तर चढून जा, पण उतरताना सावकाश, कठड्याचा किंवा काठीचा आधार घेऊन या.

आनुवंशिकता आणि रजोनिवृत्ती ही कारणे आपल्या हाती नाहीत. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या १९९६ च्या अभ्यासात हाताच्या आणि गुडघ्याच्या झिजेतला साधारण ४० ते ६५ टक्के वाटा आनुवंशिक असल्याचे आढळले. आईच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी असतील तर मुलीने वजन आणि स्नायू यांकडे तिशीपासूनच पाहावे.

खुबा दुखतो, वय चाळीस

यापुढचे कारण सगळ्यांत सावधपणे वाचण्यासारखे आहे, कारण त्यात वेळेला फार महत्त्व आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि त्यांना पर्याय जवळजवळ नसतो. त्या बंद पडल्या की हाड मरते, काही महिन्यांत किंवा वर्षांत खचते आणि मग वरची कूर्चाही जाते. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलावा लागतो तो बहुतेक वेळा म्हातारपणच्या झिजेमुळे. आपल्याकडे त्यामागचे मोठे कारण एव्हीएन आहे आणि रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात.

कारणांत पहिले स्टिरॉइड. दमा, त्वचाविकार, मूत्रपिंडाचे विकार, प्रत्यारोपण यांसाठी ते जीवरक्षक असते, पण जास्त मात्रेने हा धोका येतो. दुसरे दारू, बरीच वर्षे आणि भरपूर घेतलेली. मग मांडीच्या हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर, खुब्याचा निखळलेला सांधा, आणि सिकलसेल. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत सिकलसेल आढळतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडून पुण्यात आलेल्या तरुणाचा खुबा दुखत असेल तर ही तपासणी विसरू नये. काहींत शोधूनही कारण सापडत नाही.

कोविडच्या लाटांनी या यादीला नवे वळण दिले. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडनंतर साधारण दोन महिन्यांत त्यांना एव्हीएनची लक्षणे दिसू लागली, आणि त्यांनी घेतलेले स्टिरॉइड एरवी धोक्याच्या समजल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बरेच कमी होते. तीन रुग्णांवरून नियम करता येत नाही. पण पुण्याने दोन्ही लाटांत जे सोसले ते पाहता, त्या काळात स्टिरॉइड घेतलेल्या माणसाने खुब्याचे दुखणे अंगावर काढू नये, एवढा धडा पुरेसा आहे.

ओळखायचे कसे? दुखते ते जांघेत. कधी मांडीच्या पुढून खाली उतरत गुडघ्यात, आणि तिथेच फसगत होते: गुडघ्याचे फोटो निघतात, ते स्वच्छ येतात, आणि महिने जातात. आपल्याकडे सुरुवातीची खूण पुष्कळदा घरातच मिळते. मांडी घालून बसायला अवघड जाऊ लागते, मोटरसायकलवर टांग टाकताना कळ येते, मोजा घालायला पाय जवळ घेता येत नाही. सुरुवातीला एक्स-रेही चांगला असू शकतो. संशय असेल तर दोन्ही खुब्यांचे एमआरआय करावे लागते, कारण दुसऱ्या बाजूला न दुखणारा विकार असू शकतो. हाड खचण्याआधी सापडले तर औषधे, हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया, अशा वाटा शिल्लक असतात. खचल्यावर त्या आटतात.

दोन गोष्टी मी कळकळीने सांगते. डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. आणि सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या, वेष्टनावर घटक न लिहिलेल्या पुड्या आणि गोळ्या घेऊ नका. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेले पुन्हा पुन्हा सापडले आहे. गुण येतो तो त्याचाच, आणि किंमत पुढे खुबा मोजतो.

मुलांचे पाय

बाळाची मालिश करून पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळायची पद्धत अनेक घरांत आहे. पाय लांब आणि सुंदर होतात अशी समजूत. जन्मतः खुब्याची वाटी उथळ असेल तर या ताणण्याने सांधा सुटण्याचा धोका वाढतो, आणि मोठेपणी तोच सांधा अकाली झिजतो. छाती-हात गुंडाळा, पण पाय बेडकासारखे दुमडून हलवायला मोकळे ठेवा. थोडे मोठे झाल्यावर मूल कडेवर घेण्याची आपली जुनी रीत खुब्यासाठी उत्तम आहे, कारण त्यात पाय फाकलेले राहतात. पायाळू जन्मलेल्या बाळांच्या आणि घरात असा इतिहास असलेल्यांच्या खुब्याची सोनोग्राफी पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावी. लंगोट बदलताना बाळ किंचाळते, एक पाय हलवत नाही, ताप आहे, असे झाले तर सांध्यात पू असू शकतो. त्या दिवशीच रुग्णालय गाठा. काही दिवसांची दिरंगाई आयुष्यभराचा सांधा घेते.

चार ते आठ वर्षांचे मूल, बहुधा मुलगा, लंगडायला लागले आणि आठवड्यात थांबले नाही, तर पर्थेस या विकाराचा विचार करावा लागतो. त्यातही खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा बंद होतो, मात्र मुलांत तो परत येतो. मधल्या काळात गोल चपटा होऊ न देणे हे उपचारांचे काम. दहा ते सोळा वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, वाढीच्या जागेवरून गोल घसरण्याचा विकार होतो. या दोन्हींत मूल ‘गुडघा दुखतो’ म्हणते आणि दोष खुब्यात असतो. गुडघ्याची तक्रार घेऊन नेलेल्या मुलाचा खुबा तपासलाच नसेल, तर तपासायला सांगा.

खेळणाऱ्या मुलांत, साधारण दहा ते वीस वयात, आणखी एक विकार दिसतो. मांडीच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेखालच्या हाडाचा छोटा तुकडा सैल होतो आणि वरच्या कूर्चेसह सुटून येऊ शकतो. ऑस्टिओकाँड्रायटिस डिसेकन्स असे त्याचे लांबलचक नाव. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रांत्स क्योनिग यांनी ते दिले, कारण त्यांना दाहाचा संशय होता. पुढे तो दाह काही सापडला नाही. आज वारंवार बसणारे बारीक मार, त्या जागेचा तोकडा रक्तपुरवठा, झपाट्याची वाढ आणि काही घराण्यांत जनुकीय दोष यांकडे बोट दाखवले जाते. बहुतेक वेळा गुडघा, फेकणाऱ्यांत कोपर, क्वचित घोटा. सरावानंतर दुखते, सूज येते, कधी सांधा मधेच अडकतो. हाडांची वाढ चालू असताना सापडला तर खेळ काही महिने थांबवून बहुतेकदा भरून येतो. इथे पालक आणि प्रशिक्षक दोघांचा कस लागतो. निवड चाचणी जवळ आली म्हणून वेदनाशामक देऊन मुलाला मैदानात उतरवणे, याहून मोठा अन्याय त्याच्या गुडघ्यावर करता येणार नाही.

झीज भासते, असते दुसरेच

सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का आणि किती वेळ, हा प्रश्न स्वतःला विचारा. झिजेत आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर टिकत असेल, दोन्ही हातांची मधली पेरे आणि मनगटे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी हवी. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठते आणि मग कूर्चा व हाड पोखरते. धूम्रपानाने धोका वाढतो. आता या रोगावर चांगली औषधे आहेत, पण ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाचतात. रक्तातला आरए फॅक्टर एकट्याने काही सिद्ध करत नाही. तो निरोगी माणसातही सापडतो आणि रोग असूनही नसू शकतो.

पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसेल, तर युरिक आम्लाचे खडे असू शकतात. नेमक्या त्या वेळी रक्तातले प्रमाण सामान्य येऊ शकते. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला, संध्याकाळी कणकण, वजन उतरते आहे, तर क्षय. तो सांध्यालाही होतो, पूर्ण बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. चिकुनगुनियाने पुण्याला २००६, २०१६ आणि २०२४ मध्ये चांगलेच छळले. त्यानंतर महिने दुखले तरी बहुतेकांची कूर्चा शाबूत असते, थोड्यांत मात्र आमवातासारखा दीर्घ दाह मागे राहतो. हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरले की कूर्चा जळून जाते. मधुमेह्याचे पाऊल न दुखता गरम आणि सुजलेले असेल तर ते आत हाडे चुरत असल्याचे लक्षण असू शकते, आणि त्या पायावर एक दिवसही चालू नये.

काही कारणे पाण्यात आणि घराण्यात असतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही आपल्या मानकांची वरची मर्यादा. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर सांधे आणि कणा कडक होतात. कर्नाटकात सागर तालुक्यातल्या हंदिगोडू गावी १९७० च्या दशकात तरुण माणसांचे खुबे आणि गुडघे अकाली निकामी होऊ लागले. सुरुवातीला संशय भातशेतीतल्या कीटकनाशकांवर गेला, पुढे तो विकार घराण्यांतून उतरत असल्याचे दिसले. चीन आणि सैबेरियाच्या काही पट्ट्यांत मुलांच्या वाढत्या कूर्चेला ग्रासणारा काशिन-बेक हा विकार आहे. तिथे मातीतले सेलेनियम कमी असणे आणि धान्यावरची बुरशी यांवर संशय आहे. तुमच्या गावाकडे एकाच वस्तीत बरेच लोक तरुणपणीच सांध्यांनी अधू होत असतील, तर ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कानावर घाला आणि पाणी तपासून घ्या.

वाटाणे, हरभरा, बटाटा, वांगे बंद करून कूर्चा वाचत नाही. थंडीत आणि पावसाळ्यात दुखणे वाढल्यासारखे वाटले तरी झीज हवेने होत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडे दुखतात आणि ते भरून काढावे, पण ते झिजेवरचे औषध नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना

तपासणीची वेळ थोडी असते, म्हणून कागदावर लिहून न्या. कुठला सांधा, कधीपासून, एक बाजू की दोन्ही. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटे. जुने अपघात, पडणे, खेळातल्या दुखापती, अगदी कॉलेजातल्यासुद्धा. आजवर घेतलेली सगळी औषधे, त्यांत कोविडच्या वेळची इंजेक्शने, दम्याची, त्वचेची आणि ‘वैद्यबुवांची पुडी’ही. दारू आणि तंबाखूबद्दल खरे सांगा. काम कोणते, त्यात किती वेळ बसणे, वाकणे, उचलणे. घरात कोणाला असे होते. मग थेट विचारा: माझ्या बाबतीत कारण कोणते वाटते, आणि ते नक्की करायला काय तपासावे लागेल? पुणे स्थानकाजवळच्या ससून रुग्णालयात, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहेत. खासगीत जाणे झेपत नसेल तर तिथे जाण्यात संकोच नको.

ताप आणि लालबुंद, गरम सांधा, पाय टेकवताच न येणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, अकारण घटणारे वजन, किंवा लंगडणारे मूल, यांपैकी काही असेल तर पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका, त्याच दिवशी दाखवा. आणि जुने एक्स-रे फेकू नका. पाच वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या फिल्मशेजारी लावली की झीज किती वेगाने चालली आहे, ते डॉक्टरांना लगेच दिसते.